मिठाच्या मुलुखाला नावं ठेवताना

‘पुढे दार आहे. दाराला कडी नाही. आत कुणीतरी घोरतंय... बोला, काय करणार?’

आत्याचा आवाज. जाडसर, किंचित बसलेला, आणि नेमका मोक्याच्या जागी थांबणारा. घरातले दिवे गेले की आत्या दोन्ही भाचरांना जेवणाच्या टेबलाशी बसवायची आणि अंधारातच एक गुहा उभी करायची. दादा दर वेळी ओरडायचा, ‘मी पळणार!’ धाकटी मात्र म्हणायची, ‘मी त्याला उठवून विचारणार, का हो, नाक चोंदलंय का तुमचं?’ आत्या हसता हसता खोकायची, आणि मग राक्षसाच्या नाकाला औषध शोधत गोष्ट पार डोंगरापल्याड जायची.

त्याला कैक वर्षं झाली. धाकटी आता दात बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, आणि ही एका अरुंद पांढऱ्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या रचते, घासते, चमकवते. दादा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. आत्या गेली. मागे उरलं ते टेबल, आणि टेबलाभोवतीचा रविवार.

कारण ती गुहा त्यांनी सोडली नव्हती. दर रविवारी दुपारी दादा, वहिनी आणि शेजारचे काका त्या टेबलाशी जमत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि वार लागला की चुकला ते फाशांनी ठरवायचं, असा हा खेळ. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. ते काम वारसाहक्काने धाकटीकडे आलं होतं. वहिनी पाळणाघर चालवायची. आठवडाभर पोरांना ‘अले अले’ करून झालं की रविवारी तिला दिसेल त्याचं मुंडकं उडवायचं असे. काका कवायतीचे निवृत्त शिक्षक. ते हौसेने एका लबाड म्हाताऱ्या चेटकिणीचं पात्र करत, तेही चिरक्या आवाजात. आणि दादा? राक्षसांच्या राजधानीत शिरला तरी आधी भाड्याने गाळा मिळतो का ते बघायचा.

पण अलीकडे धाकटीच्या गोष्टीला उतरती कळा लागली होती. जग तिचं स्वतःचं, घरी केलेलं. आणि ते आता पार विरलं होतं. एका रविवारी गोष्टीतले हे तिघं दमूनभागून एका सराईत शिरले, आणि धाकटीने सराईवाल्याला उभं केलं. एका डोळ्याने अधू, लांब मिशा, बोलताना शिंकणारा.

‘हा मागच्या गावातही होता,’ वहिनी म्हणाली.

‘त्याच्या मागच्याही,’ काका म्हणाले. चेटकिणीच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

‘मोठा धंदा आहे हो याचा,’ दादा म्हणाला. ‘गावोगाव शाखा.’

सगळे हसले. धाकटीही हसली, पण कानाच्या पाळ्या तापल्या. मग काकांनी हळूच विषय काढला. रविवारी दुपारी बॅडमिंटनचं मैदान मोकळं असतं. व्यायामही होईल. आणि दादा जांभई देत म्हणाला, ‘तसं असेल तर मी इतक्या लांब येत नाही बुवा. घरीच ताणून देईन.’

तो सहज बोलला. पण टेबल मोडलं, तर भाऊबहिणीत उरणार काय? फोनवर ‘जेवलीस का’ आणि ‘ठीक आहे ना सगळं’. तिला ते लख्ख दिसलं.

‘मी नवं जग आणते,’ ती म्हणाली. ‘छापील. पक्कं. मला महिनाभर द्या.’

‘दिला,’ वहिनी म्हणाली. ‘पण त्यात मारण्यासारखं काहीतरी असू दे.’

*

अशी जगं विकत मिळतात. एकेक जाडजूड पुस्तक. त्यात डोंगर, राजे, देव, भुतं, बाजारपेठा सगळं तयार, सूत्रधाराने फक्त गोष्ट पेरायची. पण ती मिळतात कुठे, हे धाकटीला कळलं ते चुकून. कवळ्यांच्या कपाटाची किल्ली हरवली म्हणून ती किल्लीवाल्याकडे गेली, आणि नवी किल्ली घासून होईपर्यंत करायचं काय म्हणून बाजूचा जिना चढली. वर एक लांबट खोली. लाकडाचा, कागदाचा आणि थोडा धुळीचा वास. फळ्यांवर खेळ, कोडी, नकाशे. गल्ल्यावर एक मामा बसलेले— दुकान त्यांचं. आणि शिडीच्या टोकाला एकजण पुस्तकं लावायची सोडून वाचत बसलेला.

‘काय हवंय?’ शिडीवरून आवाज आला. मान काही वर झाली नाही.

‘जग हवंय.’

‘कितीसं?’

‘रविवारच्या दुपारला पुरेल एवढं.’

आता मान वर झाली. चष्म्यावर धूळ, कपाळावर शाईचा डाग, आणि त्याखाली हसू... असं हळूच उगवणारं, की धाकटीच्या मनात धंद्याची नोंद झाली: वरचा सुळा किंचित तिरका. राहू द्यावा असा.

तो मामांचा भाचा. नकाशांसमोर तासन्‌तास उभा राहतो म्हणून सगळे त्याला नकाशेवाला म्हणत. शिडी उतरताना त्याने एक निळसर पुस्तक बगलेत आणलं आणि गल्ल्यावर अलगद उघडलं, एखाद्या झोपलेल्या मांजराला उचलून ठेवावं तसं.

‘मिठाचा मुलूख,’ तो म्हणाला. ‘इथे घरं, वाटा, पूल, सगळं मिठाचं. आभाळ भरून आलं की सारं गाव मेणकापडं घेऊन धावतं. आणि इथे घरात रडायला बंदी आहे. भिंत झिजते ना! रडू आलं तर वेशीवर जायचं, तिथे तांब्याचं घंगाळ ठेवलंय. पण एकट्याने जायचं नाही, असा दंडक आहे. सोबत कुणीतरी हवं.’

शेवटचं वाक्य तो जरा हळू बोलला. खालून किल्लीवाल्याची कानस करकरत होती. ती धाकटीला ऐकूच येईना.

‘एक विचारू?’ ती म्हणाली. ‘या मुलखात दात दुखला, तर माणूस कुठे जातो?’

हा प्रश्न ऐकून आजवर प्रत्येकजण हसला होता. नकाशेवाला हसला नाही. त्याने पानं चाळली, बोट फिरवलं, कपाळाला आठी घातली.

‘दिलेलं नाही,’ तो शेवटी म्हणाला. ‘पण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या तर सगळेच करत असणार. दात दुखतच नसतील.’ मग थोडं थांबून, ‘म्हणजे तुमचा धंदा बसला.’

‘माझा धंदा तुम्हाला कसा कळला?’

‘तुमच्या बाहीवर एक दाढ आहे.’

होती. गुलाबी मेणाला चिकटून बसलेली. धाकटीने ती झटकली, आणि मनाशी ठरवलं: हेच जग. तिने पैशांसाठी पिशवीत हात घातला मात्र, तो घाईघाईने म्हणाला, ‘पण... लगेच घेऊ नका हं! म्हणजे जग काही असं पहिल्या भेटीत घेऊ नये. चार बघावीत. तुलना करावी.’

‘करावी?’

‘करायलाच हवी.’

मामांनी गल्ल्यावरून भाच्याकडे असं पाहिलं, की त्यांची कवळी टकटकली. वरची होती. सैल होती. धाकटीच्या तेही ध्यानात आलं.

*

मग तुलना सुरू झाली.

काम सुटलं की ती जिना चढायची. त्याने पुस्तकं काढून ठेवलेली असायची. तरंगत्या बेटांचं जग होतं. दिसायला देखणं, ढगांवर गावं, टपाल बगळ्यांकडे. ‘पण इथली नदी बघा,’ नकाशेवाला बोट ठेवून म्हणायचा, ‘ही डोंगर चढतेय.’ ‘आणि दात पडला तर खालच्या बेटावरच्याच्या डोक्यात,’ ती म्हणायची. बेटं बाद.

देवांचं एक जग होतं. त्यात देवांची वंशावळच निम्मं पुस्तक खाऊन बसली होती. ‘इतके चुलते!’ धाकटी म्हणाली. ‘यांच्याकडे एक लग्न निघालं तर युद्धच व्हायचं.’ ‘झालंय ना. तिसऱ्या प्रकरणात. मानपानावरून.’ दोघं इतके हसले की मामांनी खोकून दाखवलं. देव बाद.

काळ्या गढ्यांचं जग होतं. तिथे सतत धुकं, सगळे फिकट, सगळ्यांना कसलं तरी जुनं दुःख. धाकटीने पानं उलटली. ‘इथे कुणी जेवताना दिसत नाही हो.’

‘रक्त पितात.’

‘मग सुळ्यांची निगा कोण राखतं? एवढ्या गढ्या, आणि दातांचा एक माणूस नाही! मला तर इथे बरकत आहे.’

‘तुम्ही तिथे जाऊ नका,’ तो पटकन म्हणाला. ‘म्हणजे... हवा दमट आहे.’

गढ्याही बाद. कासवाच्या पाठीवरचं शहर एक संपूर्ण संध्याकाळ टिकलं. ते कासव एकाच जागी गोल फिरतं, हे त्याने नकाशावर दोरा ठेवून सिद्ध केलं, आणि तो दोरा धरायला त्याला तिचं बोट लागलं.

खरं तर धाकटीला तुलनेची गरजच नव्हती. तिचं जग ठरलेलं होतं. पण ठरलं असं म्हटलं, की जिना संपला, दोरा संपला... म्हणून तीही खुसपटं काढत राहिली. मनात ओव्या आपोआप जुळायच्या—

*दात घासते घासते, चित्त थाऱ्यावर नाही,*
*मिठाच्या गं गावामधी कोण माझी वाट पाही...*

‘हे कुणाचे दात?’ तिच्या कामावरच्या साहेबांनी एकदा एक कवळी उजेडात धरून विचारलं.

‘त्या निवृत्त न्यायाधीशांचे.’

‘हसतायत.’

धाकटीने पाहिलं. खरंच हसत होते. गालातल्या गालात. तिने मुकाट्याने ते उसवून पुन्हा रचले.

*

महिना सरत आला. दादाचा फोन आला, ‘काय गं धाकटे, जग मिळालं का? काका रॅकेटला नवी तार घालून बसलेत.’ आपल्या चालढकलीपायी टेबल मोडायची वेळ आली की! त्या संध्याकाळी तिने जिना चढतानाच मन घट्ट केलं.

‘मी विचार केला,’ ती म्हणाली. ‘मिठाचा मुलूखच घेते.’

नकाशेवाल्याच्या हातातली पुस्तकं कलली.

‘तो?’ तो म्हणाला. ‘छे... तो नको. अवघड आहे तो. तुम्हाला नाही जमायचा.’

खोलीतला आवाज एकदम कमी झाला. निदान तिला तसं वाटलं. शिंकणारा सराईवाला, वहिनीचं हसू, दादाची जांभई, सगळं तिच्यापुढे फेर धरून उभं राहिलं.

‘बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘मला नाहीच जमत.’

‘तसं नाही, मला म्हणायचं होतं—’

पण ती जिना उतरली होती. खाली किल्लीवाल्याने विचारलं, ‘आज इतक्यात?’ तिला त्याचाही राग आला.

घरी येऊन तिने दादाला कळवलं: जग मिळालं नाही. बॅडमिंटन खेळा. दुकानदारच म्हणाला, मला झेपणार नाही.

हे वाचून दादा गप्प बसला असता. वहिनी बसणाऱ्यातली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी थेट कवळ्यांच्या खोलीत अवतरली. धापा टाकत एका स्टुलावर बसली, समोर ओळीने मांडलेल्या दातांकडे पाहून जरा मागे सरकली, आणि म्हणाली, ‘वन्सं, मी त्याच्याकडे जाऊन आले.’

ती ‘वन्सं’ म्हणायची ती फक्त टोपी उडवायची असली की.

‘वहिनी! कशाला गेलीस?’

‘भांडायला. आमच्या पोरीला झेपणार नाही म्हणणारा हा कोण टिकोजीराव? पण आधी नुसतं गिऱ्हाईक म्हणून उभी राहिले. म्हटलं, जगं दाखवा. धाकटे, त्या माणसाने पाच मिनिटांत पाच जगं माझ्या गळ्यात मारायला काढली! बेटं अप्रतिम. देव उत्तम. गढ्या तर घ्याच म्हणे, त्यात मारायला भरपूर.’

‘पण नदी डोंगर चढते...’

‘तू फोनवर सगळं सांगतेस ना, म्हणून मीही विचारलं, नदी कशी आहे? तर म्हणे, नदीचं काय एवढं! जादूचं जग आहे, चढली तर चढली.’

धाकटीच्या हातातली कानस थांबली.

‘मग मी निळं पुस्तक मागितलं,’ वहिनी पुढे सरकली. ‘तर साहेबांनी ते पाठीमागे लपवलं. म्हणे, हे राखून ठेवलंय. कुणासाठी? म्हणे, एक आहेत. त्यांच्या हातात हे पडलं तर त्याचं सोनं होईल, इतकं छान त्या प्रश्न विचारतात. मग देत का नाही त्यांना? तर कान हे असे लाल. शेवटी तो मामा ओरडला गल्ल्यावरून, “अहो ताई, दिलं की त्या यायच्या बंद होतील ना! महिनाभर गिऱ्हाईक परतवतोय गाढव!”’

खोलीत साच्यांवरून पाणी ठिबकत होतं. टप्... टप्...

‘बरं, मला सांग,’ वहिनी बारीक आवाजात म्हणाली, ‘मला तो ताई म्हणाला. मामाही ताई म्हणाला. तुला मामा काय म्हणतो?’

‘दातवाल्या ताई.’

‘आणि तो?’

धाकटीने आठवून पाहिलं. ‘अहो’ होतं. ‘हे बघा’ होतं. ‘तुम्ही’ तर भरपूर होतं. ताई मात्र... एकदाही नाही.

‘काहीच म्हणत नाही.’

‘बघ म्हणजे!’ वहिनीने समोरच्या कवळीला टाळी दिली. ‘आता हे सगळं ठेव बाजूला आणि जा. आणि हे बघ, रविवारी मला मुंडकी उडवायची आहेत. शटलकॉकला मुंडकं नसतं.’

*

दुकानात मामा एका ग्राहकाला कोडं विकत होते. नकाशेवाला शिडीवर होता. पण वाचत नव्हता. तिला पाहून तो इतक्या झटक्यात उतरला की शेवटच्या दोन पायऱ्या त्याला भेटल्याच नाहीत.

‘काल मी—’ तो गुडघा चोळत म्हणाला.

‘मिठाचा मुलूख दाखवा,’ ती म्हणाली. चेहरा कोरा. मनात मात्र नुसती धांदल.

त्याने पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. वरून हात काढला नाही.

‘यात खोट काय आहे, ते सांगा,’ ती म्हणाली. ‘तुलना पुरी करू.’

‘एक तर... सगळं खारट आहे.’

‘मला चालतं. पुढे?’

‘उत्तरेची टेकडी नकाशात जरा डावीकडे सरकलीय.’

‘मी तिला वळसा घालीन.’

‘मारामारीला वाव कमी.’

‘वहिनी भिंती फोडेल. पुढे?’

तो अडखळला. चष्मा काढला, पुसला, उलटा घातला. मामांनी कोड्याचं खोकं बांधायचं थांबवलं होतं. ग्राहकही थांबला होता.

‘पुढे काही नाही,’ नकाशेवाला शेवटी म्हणाला. ‘एकही खोट नाही यात. मी शोधून शोधून दमलो. काल बोललो ते धादांत खोटं होतं. तुम्हाला जमेल. तुम्ही दात दुखला तर कुठे जातात विचारलंत ना, त्या दिवसापासून मी सगळ्या जगांत तेच शोधतोय. कुठल्याच पुस्तकात दातांचं कुणी नाही. सगळीकडे तुमचीच जागा रिकामी आहे.’ त्याचा आवाज खाली गेला. ‘आणि... इथेही ती रिकामी होईल, तुम्ही हे घेऊन गेलात की.’

‘इथे म्हणजे दुकानात?’ मामा म्हणाले.

‘मामा, तुम्ही जरा गप्प बसा हो!’

‘बसतो. पण लवकर आटपा, यांची बस आहे,’ मामांनी ग्राहकाकडे बोट दाखवलं.

‘जाऊ द्या बस,’ ग्राहक म्हणाला. ‘दुसरी येईल.’

धाकटीने पुस्तकाच्या दुसऱ्या कडेला हात ठेवला. निळसर कापडी पुठ्ठा उबदार लागत होता. त्याच्या बोटांना शाई होती, तिच्या बोटांना गुलाबी मेण. मध्ये एक अख्खा मुलूख— पूल, वाटा, मेणकापडं.

‘मग द्याल ना आज?’

‘देतो.’ त्याने हात काढला. अगदी नाइलाजाने, एकेक बोट करून. ‘रविवारी खेळ चांगला होईल. होणारच. कसा झाला ते... कधी या बाजूला आलात तर...’

‘तुम्हीच या की बघायला. आत्याच्या टेबलाला अजून एक खुर्ची लागते. पण सांगून ठेवते, दादा मिठात गाळा भाड्याने घेईल आणि काका चिरक्या आवाजात बोलतील.’

‘मी?’ नकाशेवाल्याच्या चेहऱ्यावर ते हळूच उगवणारं हसू दिसायला लागलं, आणि अर्ध्यावर थबकलं. ‘पण एक सांगा. तुम्ही महिनाभर इतकी जगं पाहिलीत, प्रत्येकात काही ना काही काढलंत. मग मिठाचा मुलूखच बरा, हे तुमचं नक्की कधी ठरलं?’

आता खरं सांगायची पाळी तिची होती. विचार करते म्हणता आलं असतं. तुलनेअंती ठरलं, असंही खपून गेलं असतं. मामांची कवळी टकटकली. ग्राहकाने खोकं काखेत मारलं आणि कान पुढे केले.

‘पहिल्या दिवशी,’ धाकटी म्हणाली. ‘पिशवीत हात घातला होता ना, तेव्हाच. बाकीच्या सगळ्या खेपा मी तुमच्यासाठी घातल्या.’